आधी गव्हाचा जीव कुठे आहे ते बघ

निफाडच्या माणसाला कॅन्ससमध्ये गव्हाचं काम करायचं, तर एक गोष्ट आधी डोक्यातून काढावी लागते. 'थंडी गव्हाला मानवते.' आपल्याकडे हे खरंच आहे. नोव्हेंबरात पेरलेल्या गव्हाला डिसेंबर-जानेवारीत चांगला गारठा मिळाला की फुटवे भरपूर येतात, आणि धास्ती असते ती फेब्रुवारीतल्या उन्हाची. पारा दोन-तीन अंशांवर आला की निफाडात रात्र जागतो तो द्राक्षवाला. गहूवाला पांघरूण ओढून झोपतो. इथे सगळं उलटं. इथला गहू सप्टेंबर-ऑक्टोबरात पेरतात. तो हिवाळाभर जमिनीला चिकटून पडून राहतो, मार्चमध्ये पुन्हा हिरवा होतो आणि जूनमध्ये कापणीला येतो. हिवाळ्याची थंडी त्याला लागतेच, ती मिळाली नाही तर तो निसवतच नाही. पण जानेवारीत हवेतले उणे पंधरा अंश मुकाट सोसणारा हाच गहू मे महिन्यात उणे एकला हात टेकतो. हिवाळ्यात कमावलेला काटकपणा हिरवा होता होता तो टाकून देतो, आणि एकदा टाकला की एका थंड रात्रीसाठी परत आणू शकत नाही.

तू आता इथल्या सहकारी संस्थेत पीकपाहणीच्या कामाला लागतोयस, तेव्हा एप्रिलपासून तुझा फोन पहाटेच वाजणार. "काल रात्री चोवीसवर गेलं होतं, आता काय करू?" इथे सगळे फॅरनहाइटमध्ये बोलतात, तुलाही सवय होईल. असा फोन आला की लगेच हळहळू नकोस आणि उगीच धीरही देऊ नकोस. उलट विचार, गहू कुठवर आलाय? फुटव्यात आहे, कांडी धरलीय, पोटरीत आहे की निसवलाय? पाऱ्याचा आकडा त्यानंतर.

कारण गव्हाचा सगळा जीव टाचणीच्या टोकापेक्षा थोड्या मोठ्या कोंबात असतो. पुढची ओंबी यातूनच व्हायची. फुटव्यांच्या दिवसांत हा कोंब मातीच्या आत, उबेला असतो. वरची पाती करपली, रानावर निळसर झाक आली, सकाळी बांधावर उभं राहिलं की मुरघासाचा आंबूस वास आला, तरी खाली तो शाबूत असतो. त्या अवस्थेत १२ फॅरनहाइट, म्हणजे उणे ११ सेल्सिअसपर्यंत गहू निभावून नेतो. कांडी धरली की पहिली गाठ मातीच्या वर येते आणि तिच्या डोक्यावर बसून कोंबही वर येतो. मातीची ऊब सुटली. मग २४ फॅरनहाइटला, उणे ४ च्या जरा खाली, नुकसान सुरू होतं. पोटरीत आल्यावर २८. निसवताना आणि फुलोऱ्यात तर ३०, म्हणजे जेमतेम उणे एक. चीक भरताना आणि पुढे दाणा घट्ट होताना पुन्हा २८. हे आकडे कॅन्सस स्टेट विद्यापीठाच्या पुस्तिकेत आहेत आणि इथल्या शेतकऱ्यांना तोंडपाठ आहेत. प्रत्येक आकड्यामागे दोन तासांची अट आहे, ती मात्र बरेच जण विसरतात. पहाटे सूर्य उगवण्याआधी पाच मिनिटं पारा खाली टेकून वर आला आणि रात्री दोनपासून तिथेच बसून राहिला, या दोन वेगळ्या रात्री आहेत.

आकडे पाठ कर, पण त्यांच्या जोरावर निकाल देऊ नकोस. कॅन्सस मेसोनेटची हवामान केंद्रं राज्यभर आहेत आणि किती तास पारा कुठे होता ते तुला मोबाइलवर दिसेल. फार चांगली सोय आहे, रोज वापर. पण तिथलं तापमान जमिनीपासून दोन मीटरवर मोजलेलं असतं. कांडी धरलेला गहू तुझ्या गुडघ्याखाली असतो. निरभ्र आभाळ, पडलेला वारा आणि कोरडी हवा अशा रात्री जमीन आपली ऊब सरळ आभाळाला देऊन टाकते आणि गार हवा खाली बसते. केंद्र ३० सांगत असताना पिकाच्या शेंड्याला २६ असू शकतं. ढगाळ किंवा वाऱ्याच्या रात्री हा फरक राहत नाही, वारा वरची ऊबदार हवा खाली आणून मिसळतो. म्हणून शेतकऱ्याला पाऱ्याबरोबर हेही विचार, की रात्री वारा होता का? चांदण्या दिसत होत्या का? मात्र थंडीच वाऱ्यावर बसून कॅनडाकडून खाली उतरली असेल, तर वाऱ्याचा काही उपयोग नाही. तेव्हा वर-खाली सगळीकडे तीच हवा असते.

रानाचा चढ-उतार तुला आजोबांनी दाखवलेला आहे. बाग लावताना ते लवणातला तुकडा सोडून द्यायचे आणि शेजारचे हसायचे, आठवतं? गार हवा जड असते, उताराने घरंगळत खोलगट जागी साचते. कॅन्सस पिकअपच्या काचेतून सपाट दिसतं. प्रत्यक्षात पश्चिमेला ते चार हजार फुटांपर्यंत चढत जातं, आणि प्रत्येक रानात एखादं लवण, एखादी कोरडी ओढ्याची रेघ असतेच. थंडी पडून गेली की आधी तिथे जा. तिथला गहू वाचला असेल तर बाकीचं रान वाचल्यातच जमा. तिथला गेला असेल, तर मात्र लगेच वरच्या टेकाडावर जाऊन बघ, आणि दोन्हींची नोंद वेगवेगळी ठेव. सरासरी काढून काही हाती लागत नाही. अर्धं रान मेलं आणि अर्धं जगलं, यातून 'पन्नास टक्के नुकसान' असा आकडा निघतो, पण शेतकऱ्याला निर्णय दोन तुकड्यांचे दोन घ्यायचे असतात.

शेजारी-शेजारी दोन रानं, एकच वाण, एकच पेरणीची तारीख, आणि एक जळालं, दुसरं नाही, हे तुला दिसेल आणि शेतकरी कारण विचारेल. बहुतेक वेळा उत्तर जमिनीवर असतं. ओली जमीन दिवसा ऊब साठवते आणि रात्रभर सोडत राहते, कोरडी जमीन हे करत नाही. शून्य मशागतीच्या रानात आधीच्या पिकाची धसकटं आणि काड पसरलेलं असतं. ओलावा राखायला ते उत्तम, पण तेच काड जमिनीतली ऊब पिकापर्यंत येऊ देत नाही. शिवाय जाड काडात पेरणी उथळ झाली असेल, तर गव्हाचा बुंधाही वरच राहतो. तिसरं कारण नत्र. लवकर आणि सढळ हाताने नत्र दिलेला गहू दिसायला देखणा, रसरशीत, पण अंगात पाणी जास्त आणि वाढीला पुढे. थंडीत आधी तोच सापडतो. बांधावरून ज्या रानाचं सगळे कौतुक करतात, तिथे एप्रिलमध्ये माझा जीव जास्त टांगणीला लागायचा.

निफाडसारखं शेकोट्या पेटवता येतील का, असं तू विचारणारच. इथलं लहानसं रान म्हणजे क्वार्टर, १६० एकर. धूर करायला लाकूड कुठून आणशील? विचार सोडून दे.

आता बर्फ. आपल्या माणसाला बर्फ म्हटलं की पीक संपलं असं वाटतं. बर्फाची भीती कमी कर, स्वच्छ आभाळाची वाढव. पीक बुटकं असताना पडलेला भुसभुशीत बर्फ ही गोधडी आहे. वर हवा उणे दहा असली तरी खाली पारा गोठणबिंदूच्या आसपासच राहतो. आणि पश्चिम कॅन्सससारख्या ठिकाणी, जिथे वर्षाचा पाऊस जेमतेम अठरा-वीस इंच, तिथे तो वितळून जमिनीत जिरतो त्याचीही किंमत असते. त्रास होतो तो उंच झालेल्या, पोटरीत आलेल्या किंवा निसवलेल्या गव्हाला, आणि तोही बराचसा वजनाने.

२९ आणि ३० एप्रिल २०१७ च्या शनिवार-रविवारी पश्चिम कॅन्ससमध्ये हेच झालं. फूटभर, काही ठिकाणी त्याहून बराच जास्त ओला, जड बर्फ आणि त्यावर सोसाट्याचा वारा. गुरं मेली, विजेच्या तारा तुटल्या आणि नैऋत्येकडचा पोटरीतला, निसवलेला गहू अक्षरशः जमिनीला टेकला. त्याच आठवड्यात, मंगळवारपासून, व्हीट क्वालिटी कौन्सिलचा दरवर्षीचा पाहणी दौरा होता. गहू बघायला आलेल्या लोकांना काही रानांत बर्फच बघायला मिळाला. सगळीकडे एकच बोलणं, पश्चिमेचं पीक गेलं. दौऱ्याचा अंदाज एकरी ४६ बुशेलच्या आसपास आला. (एक बुशेल गहू म्हणजे ६० पौंड, आपले साधारण २७ किलो.) मळणी झाली तेव्हा राज्याची सरासरी ४८ भरली. आदल्या वर्षीच्या विक्रमी ५७ पुढे ती कमीच होती, आणि त्यात बर्फाइतकाच पानांवर पट्टे आणणाऱ्या विषाणूचाही हात होता. पण तो भुईसपाट झालेला गहू पाहून जे कपाळाला हात लावून बसले होते, त्यांच्या अपेक्षेपेक्षा पीक पुष्कळच उठलं.

ते उठलं कसं हे समजून घे, कारण बर्फ वितळल्यावर तुला हेच तपासायचं आहे. गव्हाच्या ताटाला आडवं पडल्याचं कळतं. वरच्या कोवळ्या गाठींमध्ये खालच्या बाजूच्या पेशी लांबतात आणि ताट गाठीतून वळून पुन्हा आभाळाकडे तोंड करतं. चार-सहा दिवसांत रान डोळ्यांदेखत उभं राहतं. त्यासाठी ताट कमानीसारखं वाकलेलं हवं, चिमटून दुमडलेलं नको. बोटांनी चाचपून बघ. जिथे ताट चपटं होऊन घडी पडली असेल, तिथून वर पाणी नीट चढत नाही. ती ओंबी वर हिरवी दिसली तरी दाणा भरताना सुकते. बर्फानंतरच्या पहिल्या निरभ्र रात्रीकडे मात्र डोळ्यांत तेल घालून लक्ष ठेव. जमीन पांढरी, वर आभाळ मोकळं, वारा थांबलेला, अशा रात्री बर्फाच्या पृष्ठभागावरची हवा फार खाली जाते आणि बर्फाबाहेर डोकं काढलेल्या ओंब्या तिच्या तावडीत सापडतात.

२०१७ च्या उलट २००७. त्या वर्षी बर्फाची बातमी नव्हती, बातमी होती उबदार मार्चची. शेतकरी शर्टाच्या बाह्या दुमडून फिरत होते, गहू नेहमीपेक्षा बराच पुढे पळाला होता, मध्य आणि आग्नेय कॅन्ससात त्याने कांडी धरून पोटरीची वाट पकडली होती. आणि मग ४ एप्रिलपासून आठवडाभर उत्तरेची थंडी बसली. ईस्टरचा रविवार ८ तारखेला होता, म्हणून इथे अजून त्याला 'ईस्टर फ्रीज' म्हणतात. एखादी रात्र नव्हे, ओळीने रात्री. जिथे गहू पुढे होता तिथे कोंब वर आलेला होता, म्हणून तिथे मार बसला. पश्चिमेला थंडी काही कमी नव्हती, पण तिथला गहू मागे होता, त्याचा जीव अजून खाली होता, म्हणून तो बराचसा तरला. ज्या रानांत मार्चपर्यंत गुरं चरत होती, तिथलाही गहू मागे राहिल्यामुळे बचावला, असं बऱ्याच जणांनी पाहिलं.

त्यामुळे तुझं थंडीचं काम मार्चमध्येच सुरू होतं. मार्च गरम गेला की दर आठवड्याला चार ताटं उपटून, बुंध्यापासून उभी चिरून कोंब कुठवर चढला ते पाहून ठेवायचं. थंडीची सूचना येईल तेव्हा कोणाचं रान धोक्यात आहे हे तुला आधीच ठाऊक असेल. आणि हिवाळ्यापूर्वी वाण निवडताना शेतकऱ्याला सांग, सगळी जमीन एकाच लवकर येणाऱ्या वाणाखाली नको. थोडं लवकरचं, थोडं उशिराचं, आणि पेरणीची फार घाई नको. हे मला मेनोनाइट पंथाच्या एका म्हाताऱ्या शेतकऱ्याने सांगितलं होतं. त्याचे पूर्वज १८७४ च्या सुमारास रशियाच्या दक्षिणेकडून 'टर्की रेड' गव्हाचं बियाणं घेऊन इथे आलेले. त्याचं म्हणणं असं, की दोन मुलांची लग्नं एकाच मुहूर्तावर लावू नयेत. त्याने अर्थात 'मुहूर्त' म्हटलं नव्हतं, ती माझी भर.

आता मुख्य काम, पाहणी. थंडीच्या दुसऱ्या दिवशी रानात जा, शेतकऱ्याला भेट, चहा-कॉफी घे, पण निकाल सांगू नकोस. पिकअपच्या खिडकीतून तर कधीच नाही. सात ते दहा दिवस थांबायचं. नंतर हवा उबदार झाली तर सात पुरतात, गारच राहिली तर दहाही कमी पडतात. कारण या पहिल्या आठवड्यात रान दोन्ही बाजूंनी फसवतं. शेंडे करपले, पाती पिवळी पडली म्हणून मेलेलं वाटतं आणि कोंब धडधाकट असतो. किंवा पाती हिरवीगार दिसतात, शेतकरी हुश्श करतो, आणि आत ओंबी मरून पडलेली असते. ताटाला ती मेलीय हे कळायलाच वेळ लागतो.

पिशवीत नवं दाढीचं पातं, एक भिंग आणि वही ठेव. लवण, मधला भाग, टेकाड अशा ठिकाणांहून दहा-दहा झाडं मुळासकट काढ. त्यातली मुख्य ताटं आणि फुटवे वेगळे कर, कारण मुख्य ताट पुढे असतं आणि मरतं तेच आधी. ताट पिकअपच्या टेलगेटवर आडवं ठेव आणि बुंध्यापासून वर सरळ चीर. सर्वांत वरच्या गाठीच्या डोक्यावर तो कोंब सापडेल. जिवंत कोंब पांढरट-पिवळसर हिरवा, तकतकीत, भरलेला असतो. त्यावर ओंबीचे खवले अगदी मांडून ठेवल्यासारखे दिसतात आणि पात्याचं टोक लावलं तर तो ताठ राहतो. मेलेला पाणथळ, काचेसारखा अर्धवट पारदर्शक दिसतो, मग तपकिरी पडतो आणि टोक लावताच लगदा होतो. एकदा दोन्ही शेजारी-शेजारी ठेवून बघितले की पुन्हा चुकायचा नाहीस. हातच्या काकणाला आरसा कशाला? चिरायचाही कंटाळा आला तर निदान पोंग्याकडे बघ. बाकीची पाती हिरवी आणि मधलं नवं पान तेवढं पिवळं पडून सुकतंय, तर खाली कोंब गेला असं धर.

खालचं ताटही चाचपायचं. जमिनीलगतच्या पहिल्या-दुसऱ्या गाठीपाशी काळसर डाग, खरखरीतपणा, चीर किंवा फुगीर गाठ दिसली तर ती ओंबी आज जिवंत आहे एवढंच. दाणा भरताना वजन आलं आणि वारा सुटला की ते ताट तिथूनच मोडतं. असं रान शेतकऱ्याने ठेवायचं ठरवलं तर कापणीत ते पहिलं घ्यायला सांग.

मुख्य ताट मेल्यावर गहू खालून नवे फुटवे काढतो. पंधरा दिवसांत रान पुन्हा हिरवंगार होतं आणि शेतकरी तुला फोन करून सांगतो, वाचलं रे बाबा. तिथे जरा सावधपणे बोल. या मागाहून आलेल्या फुटव्यांचा दाणा जूनच्या उन्हात भरायचा असतो, तेव्हा उष्मा वाढलेला आणि ओलावा संपत आलेला. जमिनीत ओल असेल आणि मे गार गेला तर बरं पीक येतं, पण हिरव्या रंगावरून बुशेल मोजायचे नाहीत. शिवाय काही ओंब्या पिवळ्या आणि काही हिरव्या असं रान कापायला नको होतं.

पोटरीत असताना थंडी लागली तर ओंबी पुढे नीट बाहेरच येत नाही. शेंडा पोटरीत अडकतो आणि ती बाजूने वाकडी फुटते, कुसळं गुंतलेली, मुरडलेली. ती हाताने सोडवून आतले दाण्यांचे कप्पे उघडून बघावे लागतात, कारण वाकडी ओंबी वांझ असतेच असं नाही आणि सरळ ओंबी भरलेली असतेच असंही नाही.

सर्वांत कठीण परीक्षा फुलोऱ्यातली. इथे पानं, ताट, ओंबी सगळं हिरवं राहतं आणि मरतात ते फक्त परागकोश. एक-दोन दिवसांनी ओंबीच्या मधल्या भागातलं एक फूल चिमट्याने उघड. तिळाच्या आकाराचे तीन परागकोश दिसतील. फुलायच्या आधी ते फिक्या हिरव्या रंगाचे, टपोरे असतात. फुलताना पिवळे. थंडीने मेलेले पांढरे, पिळवटलेले, वाळके. इथेच बरेच जण फसतात, कारण पराग सांडून झालेले निरोगी परागकोशही पांढरेच होतात. ओळखायचं कसं? निरोगी असतील ते तुसाबाहेर येऊन लोंबत असतात, आणि खालचा दाणा वाढायला लागलेला असतो. मेलेले आतच अडकून बसतात. तरीही शंका राहिली तर आठवडाभर थांबून दाणा बघ. वाढला असेल तर पराग पोहोचला होता, नसेल तर कप्पा रिकामा.

गहू ओंबीच्या मध्यापासून फुलायला लागतो आणि मग वर-खाली फुलत जातो. म्हणून एकाच ओंबीत मधले दाणे भरलेले आणि शेंडा-बुंधा फोल, किंवा याच्या उलट, असं दिसतं. त्या रात्री कोणतं फूल कुठल्या टप्प्यावर होतं, त्यावर हा हिशोब ठरतो. सगळं रान मेलं नाही आणि सगळं जगलं नाही, म्हणून ओंब्या धरून कप्पे मोजायला बसायचं. कंटाळवाणं काम आहे, दुसरा उपाय नाही. पुढे पंधरा दिवसांनी पांढऱ्या कुसळांच्या, पांढऱ्या शेंड्यांच्या ओंब्या रस्त्यावरूनही दिसतील आणि तोपर्यंत सगळे तज्ज्ञ झालेले असतील.

चीक भरताना थंडी लागली तर दाणा दाबून बघायचा. निरोगी दाणा फुगीर हिरवा, दाबला की दुधासारखा चीक. थंडीने मारलेला राखाडी, सुरकुतलेला, खरबरीत.

हे झाल्यावर शेतकरी विचारणार, आता काय करायचं? आधी काय करायचं नाही ते सांग. थंडीच्या आगेमागे चार-पाच दिवस तणनाशकाची फवारणी नाही, आधीच ताणात असलेल्या पिकावर दुसरा ताण. करपलेल्या पानांना तांबेरा समजून बुरशीनाशक नाही. नत्राचा उरलेला हप्ता पाहणी होईपर्यंत गोडाऊनमध्येच. आणि पीक मोडायची घाई अजिबात नाही. पीकविमा असेल तर एजंटला फोन आधी, डिस्क नंतर. विमा कंपनीचा माणूस बघून जाण्याआधी रान मोडलं तर भरपाईचा प्रश्न येतो. मोडायलाच लागलं तर तो सांगेल तिथे तुकडे तसेच उभे राखायचे. हे इथल्या मुरलेल्या शेतकऱ्यांना माहीत असतं, पण बापाच्या हाताखालून नुकती शेती घेतलेल्या तरुणांना सांगावं लागतं.

पीक धान्यासाठी ठेवण्यात अर्थ नाही असं ठरलंच, तर चारा. आपल्याकडे कोणी उभा गहू चाऱ्याला कापला तर गाव हळहळतं, इथे तो चोख व्यवहार आहे. पण दोन गोष्टी बघ. भरपूर नत्र दिलेल्या आणि थंडीने वाढ खुंटलेल्या पिकात नायट्रेट साचलेलं असू शकतं, प्रयोगशाळेत नमुना तपासल्याशिवाय गुरांपुढे टाकायचं नाही. आणि कुसळांचा गहू असेल तर कुसळं कडक होण्याआधी कापायला हवा, नाहीतर गुरांच्या तोंडाला जखमा होतात. गव्हाच्या जागी ज्वारी किंवा मका घ्यायचा विचार असेल तर वसंतात कुठलं तणनाशक मारलंय ते लेबलावरून तपासायला लाव. काहींचा अंश जमिनीत महिनोन् महिने राहतो आणि उगवलेली ज्वारी पिवळी पडून बसते.

राहिलं बियाणं. घरचंच बियाणं धरणारे शेतकरी अजून आहेत. दाणा घट्ट होत असताना थंडी लागलेल्या रानातला गहू चक्कीला चालून जातो, पण उगवणीचा भरवसा नसतो, आणि वरून ते कळत नाही. अशा रानातलं बियाणं धरण्यापूर्वी आपल्या आजोबांसारखीच उगवण तपासून बघ. ओलं गोणपाट इथे मिळायचं नाही, स्वयंपाकघरातला जाड कागदी टॉवेल घे, शंभर दाणे मोजून ओळीने मांड, गुंडाळी करून प्लास्टिकच्या पिशवीत घाल आणि आठवड्याने उघड. ऐंशीच्या आत उगवले तर ते पोतं धान्याच्या एलेव्हेटरला घालायचं आणि पेरणीसाठी दुसरं बघायचं.